एका पंक्तीचे वसतिगृह



शहाडसारख्या कारखान्याच्या वस्तीत वसतिगृहाविषयी बोलायला उभा राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. आपली मुले सकाळी लोकल पकडतात, कल्याणला किंवा पुढे ठाण्या-मुंबईला शिकतात आणि संध्याकाळी घरी येतात. त्यांना वसतिगृह हवे कशाला? खोली आणि खाट एवढाच वसतिगृहाचा अर्थ असेल, तर नकोच. पण महाराष्ट्रात तो अर्थ तेवढाच कधी नव्हता.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगे निघाली. महाराजांनी त्यांना जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. प्रत्येक जातीचे बोर्डिंग वेगळे, ही गोष्ट आज आपल्याला खटकते. परंतु ज्या काळी खेड्यातला बाप मुलाला परजातीच्या हातचे जेवू देत नव्हता, त्या काळी मुलगा शहरात येऊन टिकावा यासाठी एवढी वाट सोडणे भाग होते, असे माझे मत आहे. मुले आली, शिकली. जेवण मात्र वेगळेच राहिले.

हा वेगळेपणा बोचला तो जैन बोर्डिंगातल्याच एका विद्यार्थ्याला. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, आंघोळ केल्याशिवाय पंक्तीला बसायचे नाही. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

१९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. नाव कोल्हापूरच्या महाराजांचे, पण घडी अगदी निराळी! मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान सगळी मुले एका छपराखाली राहात. मुलेच दळीत, पाणी भरीत, भाकरी थापीत, झाडीत आणि एका पंक्तीला जेवीत. दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेले. ऐषआरामाच्या दृष्टीने पाहाल तर तिथे काहीच नव्हते. पण जाते, चूल आणि पंगत या तीन सोयी होत्या, आणि त्या तिन्ही सामाईक होत्या. आज तुझी भाकरी करपली तर सगळ्यांनाच करपलेली खायची. अशा घरात जात विचारायला सवड कुणाला मिळणार?

आता ही सारी जुनी कथा, असे कुणी म्हणेल. आपल्यापासून फार दूर नसलेल्या पवईला आयआयटीचे केवढे तरी मोठे निवासी आवार आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत वसतिगृहे आहेत, भोजनगृहे आहेत, खेळायला मैदाने आहेत. तिथे २०२३ साली भोजनगृहातली काही टेबले केवळ शाकाहारी मुलांसाठी राखण्यावरून वाद पेटला. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंडही झाला. कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शाकाहारी ताटाला माझी मुळीच हरकत नाही. ताट वेगळे असू द्या. टेबल वेगळे झाले की मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या त्या आंघोळीची मला आठवण होते.

आपल्याकडे नवी वसतिगृहे बांधताना पहिली कात्री बसते ती बैठकीच्या दालनाला आणि वाचनालयाला. तेवढ्या जागेत चार खोल्या जास्त बसतात, हा हिशेब. आपल्यापैकी जे कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेचे सभासद आहेत, त्यांनी पुढच्या वेळी नकाशा समोर आला की खोल्या नंतर मोजाव्यात. आधी विचारावे, सगळी मुले एका वेळी जेवायला बसतील एवढी जागा कुठे आहे? आणि स्वयंपाक कोण करणार, असे कुणी उलट विचारलेच, तर साताऱ्याला तो मुले आळीपाळीने करीत असत, हे सांगावे.