रंगभूमीवर पडावे कसे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी विषय कळविला, तेव्हा आपल्या चिटणीसबाई हसल्या. म्हणाल्या, “काकू, पडायला का शिकावं लागतं? ते तर आपोआप येतं!” आपोआप येते ते पडणे वेगळे आणि चारशे माणसांसमोर ठरवून पडायचे, पुन्हा उठून घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचे, ते पडणे वेगळे. मी काही मोठी नटी नव्हे. मधुकर तोरडमल ज्या नगरात इंग्रजी शिकवता शिकवता नाटके करीत आणि सदाशिव अमरापूरकर ज्या नगरातून पुढे गेले, त्या गावची मी एक हौशी बाई. परंतु या विषयावर बोलण्याचा मला एक अधिकार आहे. तो चुकीतून आलेला आहे आणि ती चूक आज सर्वांसमक्ष सांगायची असे मी ठरविले आहे.

तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आपण गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील काही प्रवेश केले होते. बसविणारी मी. सुधाकर काठी उगारतो आणि सिंधू कोसळते, तो प्रवेश काही केल्या रंगेना. आपली सिंधू हळूच, पाटावर बसल्यासारखी बसायची. मी चिडून म्हटले, “अगं, जीव ओतून पड! खरी पड!” प्रयोगाच्या दिवशी ती खरीच पडली. टाळ्या कडाडल्या. तिने उरलेली सर्व वाक्ये बिनचूक म्हटली आणि पडदा पडल्यावर मनगट माझ्यापुढे धरले. ते सुजून टम्म झाले होते. हाड मोडले होते. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. ती शिवणकाम करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरात्र आणि दिवाळी हेच तिचे कमाईचे दिवस, ते सारे हातचे गेले. मी भेटायला गेले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “काकू, पडायचं कसं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

त्या वाक्याने मला झोप येईना. सांगायचे कोणी होते? मीच.

पुढे माझी नात ज्यूदोच्या वर्गाला जाऊ लागली. तिला सोडायला म्हणून गेले, ती तासभर पाहातच बसले. प्रतिस्पर्ध्याला पाडायचे कसे, हे तिथे आधी शिकवीतच नव्हते. आधी शिकवीत होते ते स्वतः पडायचे कसे! ही विद्या जपानची. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत ज्यूदोची शाळा काढली. पडण्याच्या त्यांच्या रीतीला ‘उकेमी’ म्हणतात. आपल्या तालमीतले वस्ताद तरी काय करतात? आखाड्याची माती उकरून, चाळून मऊ करतात. पडणाराची काळजी आधी, डाव मग.

तेथे पाहून, पुढे एका जाणत्या नटाला विचारून आणि घरी गादीवर सराव करून मला जे उमगले, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, हात पुढे टेकू नये. पडताना हात पुढे जाणे हा देहाचा स्वभावच आहे आणि मनगटे मोडतात ती त्यामुळेच. दुसरी गोष्ट, उभ्याने कोसळू नये. आधी खाली यावे. एक पाय मागे घ्यावा, गुडघे वाकवावेत, जमिनीजवळ यावे आणि मग पोटरीची बाजू, मांडीची बाजू, कुल्ल्याची मांसल बाजू, पाठीचा खांद्याजवळचा भाग अशा क्रमाने अंग जमिनीला लावीत जावे. गुडघा, कोपर, माकडहाड आणि डोके यांवर भार येता कामा नये. हात जमिनीवरून सरकत लांब जावा. मागे पडायचे असेल तर हनुवटी छातीशी धरावी, म्हणजे डोके आपटत नाही. आणि श्वास कोंडू नये, सोडावा. हे सारे सलग आणि चपळाईने झाले, की समोरच्यांना बाई धाडकन कोसळली असेच वाटते. ‘धाड’ आवाज हवाच असेल तर प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूचा तळहात जमिनीवर सपाट मारावा, किंवा विंगेतून कोणी फळीवर ठोकावे.

दुसऱ्याने ढकलल्यावर पडायचे असेल, तर नियम उलटा लक्षात ठेवावा: मारणाऱ्याने मारू नये, मार खाणाऱ्याने खावा! ढकलणाराने नुसता हात लावायचा. जोर पडणारीचा, वेळ पडणारीची. तिने नजरेने खूण केल्याशिवाय हात उचलायचा नाही. केस ओढायचे असतील तर पडणारीनेच त्याचे मनगट आपल्या डोक्याशी घट्ट धरावे, म्हणजे ओढ लागत नाही.

हे नियम न पाळल्यास काय होते, ते ललिता पवारांना विचारावे लागले असते. त्या येवल्याच्या, म्हणजे आपल्या कोपरगावच्या शेजारच्या. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या वेळी सहनटाची थप्पड खरीच बसली. डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, वर्षानुवर्षे उपचार चालले आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. बाई खचल्या नाहीत. खाष्ट सासू आणि ‘रामायण’ मालिकेतली मंथरा करून त्यांनी नाव राखले. पण त्यांच्या जिद्दीचे कौतुक करताना ती थप्पड टळू शकली असती, हे आपण विसरू नये.

आता आपल्या पोशाखाविषयी. नऊवारीच्या कासोट्यात पाय मोकळे राहातात; सहावारीच्या निऱ्या पायाखाली येतात. म्हणून तालीम त्याच साडीत करावी. काचेच्या बांगड्या आणि अंबाड्याचे आकडे उतरवून ठेवावेत. गुडघ्यांना आतून कापसाची पट्टी बांधावी. रंगमंचावरच्या फळ्यांवर आधी हात फिरवून वर आलेला खिळा पाहावा, सतरंजीची सुरकुती काढावी. आणि प्रयोगाच्या दिवशी, पडदा उघडण्यापूर्वी, तो प्रवेश एकदा सावकाश करून पाहावा.

वडील भगिनींना मात्र हात जोडून सांगते, हा सराव तुम्ही करू नका. आपली हाडे उतारवयात ठिसूळ होतात आणि मोरीतले पडणे सांगून येत नाही. तेथे कोरडी फरशी, रात्रीचा दिवा आणि धरायला एक दांडी, हीच आपली उकेमी.

1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कुलीन घरच्या बाईने नाटकात काम करणे हेच मोठे धाडस होते. आज आपल्याला कोणी अडवीत नाही. पण मागच्या सभेत, “तो प्रवेश नकोच, पुन्हा कोणी पडेल” अशी सूचना आली. भीती रास्त आहे. तिला कारण मीच आहे. तरीही माझी विनंती आहे, की प्रवेश गाळू नये, तालीम वाढवावी.

आणि एक आनंदाची गोष्ट. यंदाही सिंधूचे काम तीच करणार आहे. मी विचारले तेव्हा म्हणाली, “करीन की! पण यंदा आधी काकू पडून दाखवतील, मग मी.”

तेव्हा भगिनींनो, गादी आणली आहे. खुर्च्या थोड्या मागे घ्या. पदर खोचते आणि दाखविते.