सात जणांचा वर्ग



नव्या शैक्षणिक धोरणात किमान 120 क्रेडिटवर तीन वर्षांची पदवी मिळते आणि चौथं वर्ष करून किमान 160 क्रेडिट झाले की ऑनर्स. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात काही विषयांना या चौथ्या वर्षासाठी पाच-सातच मुलं थांबतील, हे उघड आहे. त्याची अनेकांना लाज वाटते. मला त्यात संधी दिसते. व्याख्यान शंभरांनाही देता येतं; एकच मजकूर सगळ्यांनी वाचून यायचा आणि त्यावर प्रत्येकानं बोलायचं, हे सातांतच जमतं. अट एवढीच, की त्या सातांनाही समोर बसवून पुन्हा नोट्स सांगायच्या नाहीत.

ही पद्धत परकी वाटत असेल तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या साथीनं तिथं अभ्यासगट चालले. जंगल, कायदा, मध गोळा करण्याची रीत असे विषय घेऊन माणसं गोलात बसली. त्यातली खरी युक्ती अशी, की अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीनं. निर्णयाचं ओझं नसल्यामुळे शंका काढायला कुणी कचरत नाही. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे हा अभ्यासही होता. आपल्या वर्गांनी यातून घ्यावं ते हेच: चर्चेतल्या प्रत्येक वाक्याला गुण देऊ नका. गुण शेवटच्या लेखी प्रबंधाला द्या. बोलण्यावर अंतर्गत मूल्यमापन लावलं की मुलं सरांना आवडेल तेच बोलतात, आणि सरही त्यावर खूश होतात, हा आणखी एक धोका.

आता आक्षेप. ‘आमची मुलं कच्ची आहेत, इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत.’ याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत केलं. त्यांनी घरोघरी नवजात बाळं तपासली, काटेकोर नोंदी ठेवल्या. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या स्त्रियांना जमलं ते पदवीधरांना जमणार नाही, असं म्हणणं हा मुलांपेक्षा आपल्या शिकवण्यावरचाच शेरा आहे. आणि साहित्य इंग्रजीतच कशाला हवं? ग्रामसभेचे ठराव, तेंदूपत्त्याच्या लिलावाचे कागद, वडशाच्या झाडीपट्टी नाटकांच्या संहिता, ताडोब्याच्या बफरमधल्या नुकसानभरपाईचे दावे, एवढ्यावर इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी हे तिन्ही विषय वर्षभर चालतील. गोंडी-माडिया बोलणारा विद्यार्थी अशा वर्गात शिक्षकाला शिकवेल, ते वेगळंच.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाकडून आणखी एक वर्ग फुकटात मागणं अन्याय आहे. त्यावर मला दिसणारा उपाय अर्धाच आहे: दोन-तीन विभागांनी मिळून आठवड्याला एक सामाईक चर्चासत्र चालवावं आणि त्याचे तास कार्यभारात धरावेत. उरलेलं काम शासनाचं आहे. पोलीस भरती किंवा वनरक्षक परीक्षेची तयारी करणाऱ्याला या चौथ्या वर्षाचा सरळ उपयोग नाही, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. त्यानं तीन वर्षांत पदवी घेऊन जावं. पटसंख्या भरण्यासाठी त्याला अडवू नका.

प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या वर्षी ऑनर्सला सात जण आले तर वर्ग बंद करू नका, आणि सत्तर आले तर त्यांचे दहा गट करा.