पहिली दहा मिनिटे
(वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा सारांश)



रुग्णालयाच्या कार्याचा आढावा घेताना आपण खाटा, शस्त्रक्रिया आणि यंत्रसामग्री मोजतो. आज मात्र आम्हांला रुग्णालयाच्या भिंतींबाहेरील एका गरजेकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. मुलाला तापात आकडी आली, घशात शेंगदाणा अडकला किंवा दम लागून बोलणे अशक्य झाले, की आईवडील अनेकदा प्रथम धाव घेतात ती नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. पहिली दहा मिनिटे अशा वेळी रुग्णालयात नव्हे, तर त्या छोट्या दवाखान्यात जातात.

मूल म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे. मोठ्यांचे हृदय अनेकदा एकाएकी बंद पडते. मुलांचे बहुधा श्वास अपुरा पडून वा शरीरातील पाणी कमी होऊन थकत थकत थांबते. म्हणजेच पूर्वसूचना मिळते. एक ते पाच वर्षांचे खोकणारे मूल मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, श्वासागणिक त्याच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर वाट पाहण्याची वेळ संपलेली असते.

त्यासाठी लागणारी साधने फार महाग नाहीत. मुलांच्या मापाचा मास्क व अंबू बॅग, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, साल्ब्युटामॉलचा पंप व स्पेसर, ॲड्रेनॅलिन, आकडीसाठी नाकात फवारावयाचे मिडॅझोलॅम, ग्लुकोज, सलाईन आणि ओआरएस एवढी सामग्री एका पेटीत मावते. छोट्या गावातील डॉक्टर काय करू शकतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आहे. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग त्यांनी सिद्ध केला; २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. कोकणातील पेटीत हे औषधही हवे.

परंतु केवळ पेटी पुरत नाही. कपाटाची किल्ली रजेवरील कंपाउंडरकडे आणि औषधाची मुदत संपलेली, अशी पेटी असून नसल्यासारखीच. तीव्र ॲलर्जीत १५ किलोच्या मुलाला एकास हजार प्रमाणाचे ॲड्रेनॅलिन ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत द्यावे लागते. हे गणित धावपळीत मांडावयाचे नसते. वजनानुसार मात्रांचा तक्ता भिंतीवर आधीच लावावयाचा असतो. मुलाला कोणी धरावे, १०८ क्रमांकावर दूरध्वनी कोणी करावा, वेळ कोणी टिपावी, याचीही अधूनमधून तालीम व्हावी.

‘असे मूल वर्षातून एखादेच येते,’ असे काही डॉक्टर म्हणतात. ते खरे आहे, आणि नेमके म्हणूनच तालीम हवी. क्वचित करावे लागणारे काम हात विसरतो. आपल्याकडील फॅमिली डॉक्टरांमध्ये आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधरही पुष्कळ आहेत. औषधांबाबत कायद्याच्या मर्यादा पाळाव्यातच. पण श्वासमार्ग मोकळा करणे, अंबू बॅगने श्वास देणे आणि योग्य वेळी पुढे पाठविणे सर्वांनाच यावयास हवे. माफक शुल्कावर चालणाऱ्या दवाखान्यांवर हा सारा भार एकट्याने टाकणे न्याय्य नाही. म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे, की नव्या यंत्राइतकेच मोल या पेट्यांना आणि प्रशिक्षणाला द्यावे. या देणगीवर नावाची पाटी लागणार नाही. तिचे फलित एखाद्या घरातील खेळते मूल असेल.

कुटुंबीयांनाही एक सांगणे आहे. मुलाचे वजन व ॲलर्जी एका कागदावर लिहून ठेवा. आकडी आल्यास कांदा वा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीच्या उपचारांची गरज असते. आणि आपल्या डॉक्टरांना आदराने विचारा, ‘लहान मुलांसाठी तातडीची पेटी आपल्याकडे आहे ना?’ पुष्कळ घरांतून हा प्रश्न गेला, तर पुष्कळ दवाखाने सज्ज होतील, असा आम्हांला विश्वास वाटतो.