रोशा गवताचा सुगंध

उन्हांतील तुळस आणि सावलींतील तुळस यांचीं पानें एकदां चोळून पाहावीं. सावलींतील पान बहुधा रुंद व कोवळें असतें, पण वास उन्हांतील पानाचा अधिक. मग सुगंध हा सर्वस्वीं भूमि आणि हवा यांचाच गुण समजावा काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्या महाराष्ट्रांतील एका गवतापाशीं आहे.

तें गवत म्हणजे रोशा. खानदेशांत नंदुरबार, तळोदें, अक्राणी या भागांतील डोंगरउतारांवर तें आपोआप वाढे. पावसाळा सरतां सरतां तें फुलोऱ्यास आलें म्हणजे ओढ्याकाठीं भट्ट्या लावून त्याचें तेल काढीत. मुंबईहून तें तांबड्या समुद्राच्या मार्गानें तुर्कस्तानांत जाई व तेथें गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. कारण गुलाबासारखा वास देणारें जिरॅनिऑल हें द्रव्य दोहोंतही आहे. युरोपांत या तेलास ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणत. खानदेशाचें नांव त्यावर नव्हतें.

या गवताचे वाण दोन. मोतिया हा उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढतो. सोफिया सखल, दमट जागीं. मोतियाच्या तेलांत जिरॅनिऑल शेंकडा ७५ ते ९० असतें. सोफियाच्या तेलांत तें पुष्कळच कमी. दिसण्यांत मात्र दोन्ही जवळजवळ सारखे. तेव्हां हा सारा जमिनीचाच फरक, असें कोणासही वाटावें.

मलाही तसेंच वाटलें. आमच्या अंबडच्या एका जुन्या विद्यार्थ्यास मीं सांगितलें कीं, बीं कोणतेंही घे, तुझी जमीन मुरमाड व चढाची आहे, तेल उत्तमच निघेल. त्यानें स्वस्तांतलें बीं एक एकरांत पेरलें. तें सोफियाचें निघालें. तीन पावसाळे गेले, पण वास बदलला नाहीं. नुकसान त्याचें झालें. चूक माझी होती. मोतियाच्या पेशींत २० गुणसूत्रें असतात, सोफियाच्या ४०, हें मीं मागाहून वाचलें. उतारानें मोतिया घडविला नव्हता. त्या जागीं तो टिकला, एवढेंच.

तथापि भूमि व ऋतु निरुपयोगी नव्हेत. वाण चांगला असेल तर त्याचा गुण पूर्णपणें प्रकट करणें हें त्यांचें काम. गवतास भरपूर ऊन हवें, मुळांशीं पाणी तुंबूं नये, आणि कापणी फुलें उमलल्यावर सात ते दहा दिवसांनीं व्हावी. तेल मुख्यतः फुलोऱ्यांत व पानांत असतें; दांड्यांत जवळजवळ नसतेंच. एवढें करूनही शंभर किलो हिरव्या गवतांतून सुमारें अर्धा किलोच तेल हातीं येतें. म्हणून वाणाची पारख आधीं, मशागत मागाहून.

माझा तो विद्यार्थी आतां मोतिया लावतो. बीं घेण्यापूर्वीं खात्री करून घेतो, मला विचारीत नाहीं. तें योग्यच आहे. आपण मात्र आज एवढें करावें, कोनाड्यांतली तुळशीची कुंडी उन्हांत न्यावी.