वकिलीच्या पुढची पायरी
(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



आज मी जरा कोरडा विषय घेतलाय. एलएल.एम., म्हणजे कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण, त्याला प्रवेश कसा मिळतो. सूतगिरणीत साचे चालवणाऱ्या माणसानं यावर काय बोलावं, असं कुणाच्या मनात येईल. पण मंडळी, आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी आता एलएल.बी. होऊ लागली आहेत. सनद घेतात, काळा कोट घालतात, फोटो काढतात, आणि तिथंच थांबतात. का थांबतात हे मी घरोघरी विचारत गेलो. तेव्हा ध्यानात आलं की हुशारी कुठंच कमी पडत नाही, माहिती मात्र उशिरा पोचते.

आपण सातारा-सांगलीची माणसं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. परमपूज्य बाबासाहेब बॅरिस्टर होते, हे आपण पोरांना सांगतो. पण ते कायद्याचे शिक्षकही होते, हे सांगायचं राहून जातं. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. वकील एक खटला लढवतो, कायदा शिकवणारा पिढ्या घडवतो. आज कायद्याच्या कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एलएल.एम. लागते. त्यात ५५ टक्के गुण, अनुसूचित जातीला ५० टक्के, आणि साधारणपणे वर नेट किंवा सेट परीक्षा. राज्यघटना लिहिली आपल्या बापानं, आणि वर्गात ती शिकवायला आपलं माणूस शोधावं लागतं. हे बरोबर नाही.

आता नियमाचं बोलू. एलएल.एम.ची पहिली अट एलएल.बी.ची पदवी, मग ती तीन वर्षांची असो की पाच वर्षांची. आपल्या भागात साताऱ्याला इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीला एन. एस. सोटी लॉ कॉलेज आहे. तिथं एलएल.बी.ला जायचं तर राज्याची सीईटी द्यावी लागते. एलएल.एम.साठी काही विद्यापीठं आपापल्या परीक्षा घेतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर क्लॅट नावाची देशपातळीवरची परीक्षा आहे. तिला एलएल.बी.त ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५ टक्के. वयाची अट नाही. तेव्हा नोकरी करून उशिरा वकील झालेल्यांनीही मनात धरायला हरकत नाही.

पण वाटेत चार खड्डे आहेत. ते नीट ऐका.

पहिला खड्डा. बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए. झालेले आपल्यात बरेच कामगार आहेत. त्यांची जिद्द मोठी, त्यांना माझा सलाम. पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे, मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेल्या पदवीवर एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. तेव्हा ज्याच्या डोक्यात कायदा आहे त्यानं आधी बारावी करावी. पायाच कच्चा राहिला तर वरचा मजला कसा चढणार?

दुसरा खड्डा गुणांचा. ‘पास झालं की बस’ म्हणून पहिल्या वर्षाला पोरगं ढिलं पडतं. पण ४५ टक्के हे एलएल.बी.च्या एकूण गुणांवर मोजतात. शेवटच्या वर्षी जीव तोडून ते भरून काढणं फार अवघड. म्हणून एलएल.एम.चा विचार एलएल.बी.च्या पहिल्या दिवशी करायचा.

तिसरा खड्डा तारखेचा, आणि यात सगळ्यात जास्त पोरं पडतात. निकाल लागला की जूनमध्ये माझ्याकडं येतात, “काका, आता एलएल.एम.चा फॉर्म कुठं भरायचा?” आणि क्लॅट तर अलीकडं आदल्या डिसेंबरातच होऊन गेलेली असते! शेवटच्या वर्षाला शिकत असतानाच ती देता येते. फॉर्म त्याच्याही आधी, पावसाळ्यात निघतात. हे न कळल्यानं अख्खं वर्ष जातं. आणि मुलीचं एक वर्ष गेलं की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, हे आपल्याला माहीत आहे.

चौथा खड्डा कागदाचा. धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीनं मिळाल्या. पण दाखल्याचा राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’ असून भागत नाही, धर्मांतरापूर्वीच्या जातीची नोंद असलेलं प्रमाणपत्र लागतं. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो आजोबा-पणजोबांच्या शाळेत, गावच्या दप्तरात शोधावा लागतो, आणि त्याला महिने जातात. पोरं विचारतात, जात सोडली, मग कागदावर कशाला? मी सांगतो, कागद हक्कासाठी ठेवा, धम्म आचरणासाठी ठेवा.

आणखी एक. क्लॅटचा पेपर इंग्रजीत असतो. त्याची भीती वर्गात जात नाही, रोजच्या वाचनानं जाते.

म्हणून विहार समितीला माझी हात जोडून विनंती आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास राज्यघटना वाचू, मराठी प्रत एका हातात, इंग्रजी दुसऱ्या हातात. विहाराच्या फळ्यावर धम्मकार्यक्रमाशेजारी परीक्षांच्या तारखा लिहू. आणि बारावीच्या प्रत्येक मुला-मुलीच्या दाखल्यांची फाईल आत्ताच तपासू. याला देणगी लागत नाही. एक कपाट, एक फळा आणि दोन जबाबदार माणसं पुरतात. त्यातला एक मी, दुसरा तुमच्यातून उठावा.