थंड आकाशाचा वेध घेणारी उपकरणे



तारे ज्या वायू व धुळीच्या मेघांतून जन्म घेतात, ते मेघ अतिशय थंड असतात. त्यांच्यापासून डोळ्यांना दिसणारा प्रकाश मिळत नाही. मिळतात ते दूर-अवरक्त किरण. प्रत्येक रेणू या किरणांत ठराविक तरंगलांबीवर आपली खूण उमटवितो. ती वाचणारे उपकरण म्हणजे वर्णपटमापक.

आपल्या वातावरणातील बाष्प हे किरण वाटेतच शोषून घेते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून बलूनच्या साहाय्याने उंच आकाशात पाठविली आणि १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांच्या वर्णपटमापकाद्वारे कार्बनची १५८ मायक्रोमीटरची रेषा टिपली. युरोपीय अंतराळ संस्थेने १४ मे २००९ रोजी सोडलेली 'हर्शेल' ही साडेतीन मीटर आरशाची दुर्बीण तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर राहून काम करीत होती.

अशा उपकरणाची रचना करताना पहिली अडचण उष्णतेची. प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण बाहेर टाकते. उपकरण तापलेले असेल, तर भर दुपारी पणतीची ज्योत शोधावी तशी अवस्था होते. म्हणून 'हर्शेल'सोबत सुमारे २,३०० लिटर द्रव हेलियम देण्यात आले. २९ एप्रिल २०१३ रोजी ते संपले आणि निरीक्षणे थांबली.

दुसरी अडचण दुरुस्तीची. तेथे कारागीर पोहोचू शकत नाही. नेदरलँड्सच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'हर्शेल'वरील 'हायफाय' हा वर्णपटमापक रेडिओसंचाच्या तत्त्वावर चालत असे. आकाशातून आलेल्या लहरीत उपकरणातील ज्ञात लहर मिसळावयाची आणि दोहोंतील फरक मोजावयाचा. ऑगस्ट २००९ मध्ये तो अचानक बंद पडला. एखाद्या वैश्विक किरणाच्या आघाताने बिघाडाची साखळी सुरू होऊन वीजपुरवठ्याचा भाग निकामी झाला असावा, असे तपासात आढळले. परंतु रचनाकारांनी विद्युत् यंत्रणेचा दुसरा संच आधीच बसविला होता. कारण समजून घेऊन, आज्ञावलीत योग्य ते बदल करून जानेवारी २०१० मध्ये तो सुरू करण्यात आला.

याच 'हायफाय'ने नोव्हेंबर २०१० मध्ये हार्टली-२ या धूमकेतूचे निरीक्षण केले. त्याच्या पाण्यातील जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या महासागरांशी जुळते, असे २०११ मध्ये जाहीर झाले. असा हा पहिलाच धूमकेतू. पुढे २०१४ मध्ये 'रोझेटा' यानाला दुसऱ्या एका धूमकेतूवर हे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. त्यामुळे पृथ्वीवर पाणी कोठून आले, हा प्रश्न अजून खुला आहे.

दुसरा संच म्हणजे जादा वजन व जादा खर्च. काटकसरीच्या नावाखाली तो अंदाजपत्रकातून वगळला गेला असता, तर या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पुरावा मानवजातीच्या हाती लागला नसता. बिघाड होणारच, हे गृहीत धरून आरंभीच केलेली तरतूद हा सुद्धा रचनेचाच भाग होय. शिक्षक बंधुभगिनींनी विद्यार्थ्यांना शोधाबरोबर त्यामागील ही दूरदृष्टीही सांगावी, एवढीच विनंती.