खुर्ची रिकामी करण्याची विद्या



दीक्षान्त समारंभास पाचारण केलेल्या वक्त्याने उच्च पदे कशी संपादन करावीत हे स्नातकांना सांगावे, असा संकेत आहे. परंतु ज्या साष्टीच्या भूमीवर, मरोळ-अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या गावठाणांत, आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांनी चार शतकांहून अधिक काळ ख्रिस्ताचे नाव घेतले, तिच्या इतिहासाच्या दप्तरात हाती असलेले पद सोडून देण्याचा एक असा दाखला आहे की, आज त्याविषयीच बोलणे मला उचित वाटते.

कंपनी सरकारच्या काळी, 1794 पासून, मुंबईत कॅथलिक धर्मसत्तेचे दोन अंमल एकाच वेळी चालत: एक रोमने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांचा आणि दुसरा पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालील ‘पाद्रोआदो’चा. श्रद्धा एक, मिस्सा एक, आणि तरीही कोणते देऊळ कोणाच्या अखत्यारीत यावरून अर्ज, तंटे आणि मनस्ताप यांना खंड नव्हता. उपनगरांचा हा मुलूख आधी गोव्याकडे, मग 1886 नंतर दमणच्या धर्मप्रांताकडे होता. 1928 साली तो मुंबईच्या महाधर्मप्रांतास जोडला गेला, आणि त्याच वर्षीच्या करारात असे ठरले की, मुंबईच्या आर्चबिशपच्या गादीवर एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, अशा पाळीने नेमणुका व्हाव्यात. ज्यांच्या पूर्वजांच्या श्रमाने ही देवळे उभी राहिली, त्यांची पाळी त्या कागदात कोठेच नव्हती, आणि त्याचे नवल फारसे कोणास वाटलेही नाही.

पहिली पाळी पोर्तुगीज आर्चबिशप लिमा यांची झाली. 1936 साली ते निवर्तल्यावर 1937 मध्ये लिव्हरपूलचे एक जेझुइट धर्मगुरू, थॉमस रॉबर्ट्स, त्या गादीवर आले. हे गृहस्थ मृदुभाषी किंवा आज्ञाधारक म्हणून ख्यात नव्हते, हे आवर्जून सांगतो, कारण नम्रता म्हणजे खाली मान घालून हळू बोलणे असा आपल्याकडे एक सोयीचा समज आहे. 1946 साली वॅलेरियन ग्रेशस, कराचीत जन्मलेले एक गोमंतकीय धर्मगुरू, यांना सहायक बिशप करण्यात आले, आणि सर्व कारभार त्यांच्या हाती देऊन रॉबर्ट्स मुंबईतून निघून गेले. वय अवघे त्रेपन्न. प्रकृतीची तक्रार नाही, पदाला धोका नाही. परंतु त्यांनी गादी तत्काळ रीतसर मोकळी केली असती, तर करारान्वये ती पोर्तुगीजांकडे गेली असती आणि एका सत्पुरुषाच्या त्यागातून केवळ जुनीच रीत पुढे चालली असती. म्हणून नावापुरते आर्चबिशप राहून, अधिकार न गाजवता, ते चार वर्षे दूर राहिले. 1950 साली पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स पदमुक्त झाले, ग्रेशस आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. या विनयात हिशेब होता, चातुर्य होते. त्यामुळे तो मला उणा न वाटता अधिकच मोलाचा वाटतो. पुढे 1976 पर्यंत, म्हणजे मुंबई सोडल्यानंतर तीस वर्षे, रॉबर्ट्स जगले, आणि पदमुक्त झाल्यापासून त्यांच्यापाशी स्वतःचा असा धर्मप्रांत नव्हता.

इतके मोठे पद सोडण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर येणार नाही. आपल्या वाट्यास येते ते रोजचे, किरकोळ आणि म्हणूनच अधिक अवघड परिवर्तन. त्याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांनी दिली आहे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या काळात विरह, सोवळे, राग आणि विचार यांतून ही बाई कणाकणाने बदलत गेली, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना आपल्या सोवळ्याओवळ्याची, आपल्या हट्टांची फजिती तिने इतक्या प्रसन्नपणे मांडली की, स्वतःवर हसणे आणि स्वतःची कीव करणे यांतील अंतर मराठी वाचकास प्रथमच कळावे. बाप्तिस्म्याचे पाणी एका दिवशी पडते. ते आत मुरायला वर्षे लागतात. आमच्यातल्या विवाहाच्या बोलण्यांत चार शतकांनंतरही मूळ जातीची चौकशी हळूच होते, तेव्हा काही घराण्यांत ते अद्याप मुरले नाही, असे म्हणावे लागते.

नम्रतेची खूण म्हणून पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शतकानुशतके तेथे पुरुषच बसत. स्त्रियांनाही त्यात घेता येईल, अशी मुभा पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली दिली. हा विधी मला प्रिय आहे, पण त्यासाठी निवडलेली मंडळी घरूनच पाय स्वच्छ धुऊन येतात, हे आपण सारे जाणतो. न धुतलेले पाय आपल्याला वर्षाचे उरलेले दिवस भेटतात: घाटकोपरच्या फलाटावर, मुलुंडच्या दवाखान्यात, घरातल्या वृद्ध आजीच्या खाटेशी, आणि ज्याच्याशी बोलणे टाकले त्या भावाच्या दारात. तेथे गीतवृंद नसतो, छायाचित्रकारही नसतो.

आपण आता नोकरीस रुजू व्हाल. यथावकाश कोणी धर्मग्रामाच्या समितीचे चिटणीस, कोणी पतपेढीचे संचालक, कोणी गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष व्हाल. ज्या दिवशी तो हुद्दा स्वीकाराल, त्याच दिवशी तो सोडण्याची तारीख डायरीत टिपून ठेवा, आणि आपल्या मागून येणाऱ्यास, तो आपल्या मर्जीतला असो वा नसो, कपाटाच्या किल्ल्या, जमाखर्चाच्या वह्या आणि अर्धवट राहिलेल्या कामांची यादी वेळेवर सुपूर्द करा.